हुबळी-धारवाड रस्ता आणि जुन्या गाडीची नाडीपरीक्षा

हुबळी आणि धारवाड ही दोन शहरे समजावीत की एक, ह्या प्रश्नाचे उत्तर शासनाने १९६२ सालीच देऊन टाकले. त्या वर्षी दोहोंची मिळून एक महानगरपालिका झाली. पुढे २०१४ च्या नोव्हेंबरात हुबळीचे अधिकृत नाव ‘हुब्बळ्ळी’ झाले. आम्हा मराठी घरांत मात्र ती हुबळीच राहिली आहे. तेव्हा कागदोपत्री शहर एक झाले तरी मध्ये सुमारे वीस किलोमीटरांचा रस्ता आहे, आणि तेवढ्या अंतरात जमिनीचा रंग, हवेचा गारवा आणि माणसांच्या बोलण्याची गती ही तिन्ही बदलतात. हुबळी काळ्या मातीची, कापसाची, रेल्वेची, मालमोटारींची आणि बाजारपेठेची. धारवाड तांबड्या मातीचे, आंब्यांच्या बागांचे, महाविद्यालयांचे, गवयांचे आणि पेढ्यांचे. धारवाड मलनाडाच्या उंबरठ्यावर, हुबळीहून उंचावर वसले आहे. म्हणून आमच्या घरात पूर्वीपासून धारवाडला ‘वर जायचे’ आणि हुबळीला ‘खाली यायचे’ असाच शब्दप्रयोग चालत आला आहे.

हा रस्ता म्हणजे जुना पुणे-बंगळूर रस्ता. येथील लोक त्याला आजही ‘पी. बी. रोड’ म्हणतात. कित्तूर चन्नम्मा चौकातून निघावे, होसूर आणि विद्यानगर मागे टाकावे, की डाव्या हाताला उणकलचा विस्तीर्ण तलाव लागतो. उणकल गावातच चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वराचे देऊळ आहे; इतके देखणे देऊळ घरांच्या गर्दीत इतके निमूटपणे उभे असलेले आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही. पुढे भैरीदेवरकोप्प, नवनगर, रायापूर, सत्तूर, आणि मग पेरूंसाठी नावाजलेले नवलूर. तेथे लोहमार्ग ओलांडून चढ चढला, की विद्यागिरी येते आणि हवा बदलल्याची जाणीव होते. २०१८ पासून ह्या रस्त्याच्या मधोमध ‘चिगरी’ नावाच्या शीघ्र बसगाड्या धावू लागल्या. कन्नडमध्ये चिगरी म्हणजे हरीण. बसगाड्यांना स्वतंत्र मार्गिका मिळाली. आम्हा इतरांना उरलेल्या रस्त्यावर मालमोटारी आणि रिक्षा ह्यांच्या सोबतीने चालावे लागते.

मराठी माणसाला हा रस्ता परका नाही. ह्याच रस्त्याच्या वरच्या टोकाला मातृभाषा मराठी असलेले द. रा. बेंद्रे कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले, आणि ह्याच टोकाला जी. ए. कुलकर्णी अनेक वर्षे इंग्रजी शिकवीत राहून मराठी कथा लिहीत होते. खालच्या टोकाला रेल्वेचा प्रचंड कारखाना. ज्या कंपनीने ह्या मुलखात लोहमार्ग आणला, तिचे नावच मुळी ‘सदर्न मराठा रेल्वे’; तिची स्थापना १८८२ ची. त्या कारखान्याने अनेक मराठी घरांना अन्न दिले आणि अन्नाबरोबर एक सवयही दिली: यंत्र बिघडले तर ते उघडून पाहावे, पाहिलेले लिहून ठेवावे, आणि लिहिल्यावाचून मत देऊ नये. आमचे थोरले बंधू ह्या सवयीचे होते. प्रस्तुत लेख त्यांच्या गाडीविषयी आणि ह्या रस्त्याविषयी आहे. कारण त्या गाडीचा आजार ह्या रस्त्यावाचून कळलाच नसता.

गाडी १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी, १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेच्या इंजिनाची, मूळच्या इटालियन फियाटची ही देशी लेक. एके काळी मुंबईची टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरण होते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या टॅक्सीने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. दादांनी ही गाडी १९९१ साली जुनीच विकत घेतली आणि पुढची तीस वर्षे ती स्वतःच्या हाताने राखली.

मूळच्या रचनेत पद्मिनीचा पेट्रोल-पंप इंजिनाच्या अंगालाच बसविलेला असतो. इंजिनातील फिरत्या दांड्यावरील उंचवटा त्याच्या पडद्याला हलवितो, आणि तो पडदा मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरकडे पाठवितो. रचना साधी आणि चिवट. पण तीत एक उणीव आहे. पंप तापलेल्या इंजिनाला चिकटलेला, आणि टाकी दूर मागे. ओढलेल्या पेट्रोलावर दाब कमी असतो, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. मे महिन्यात अंकोल्याकडून अरबैल घाट चढून येल्लापूरला यावे, तर नळीत पेट्रोलाऐवजी वाफ भरे आणि गाडी मध्येच बसे. ओल्या फडक्याने पंप गार करणे, हा त्या काळचा सर्वमान्य उपचार होता. आमच्या पिढीतील वाचकांना तो आठवत असेल.

२००४ साली दादांनी ह्यावर कायमचा उपाय केला. मूळ पंपाची जागा झाकणाने बंद केली आणि मागे टाकीजवळ, तिच्या पातळीच्या खाली, विजेवर चालणारा पंप बसविला. आता पेट्रोल पुढून ओढले जात नसे, मागून ढकलले जाई. आणि ढकललेल्या, म्हणजे दाबाखालील, पेट्रोलाची वाफ सहजी होत नाही. विजेच्या पंपाचा दाब कार्ब्युरेटरला अधिक होऊ नये म्हणून पुढे दाब-नियामक लावला. शिवाय एक खबरदारी घेतली, जी आम्हांला आजही त्यांच्या स्वभावाची खूण वाटते. इंजिनातील तेलाचा दाब नाहीसा झाला, म्हणजे इंजिन थांबले, की पंपाची वीज आपोआप तुटेल अशी कळ त्यांनी बसविली. अपघात होऊन नळी तुटली, तर पंप रस्त्यावर पेट्रोल ओतत राहू नये, एवढाच त्यातला हेतू.

२०२१ साली दादा गेले. गाडी वहिनींच्या दारात राहिली. आठवड्यातून एकदा आम्ही ती काढावी, वहिनींना धारवाडला न्यावे, शाल्मलेच्या उगमाजवळील सोमेश्वराचे दर्शन करून परत यावे, असा परिपाठ पडला. २०२५ च्या मार्चपासून मात्र गाडीने त्रास देण्यास प्रारंभ केला. हुबळीच्या गल्लीबोळांत ती उत्तम चाले. धारवाडच्या वाटेला लागली, की दहा-बारा मिनिटांनी, बहुधा सत्तूर ओलांडल्यावर, तिचा दम तुटे. प्रथम एक खोकल्यासारखा आवाज, मग ओढ नाहीशी, आणि नवलूरच्या चढावर सर्वथा मौन. मागे मालमोटारींचे कर्णे. चार-पाच मिनिटे थांबावे, तर काहीच घडले नाही अशा थाटात ती पुन्हा सुरू होई. परतीच्या उतरणीवर तर एकदाही बंद पडली नाही.

दोन कारखान्यांनी ती पाहिली. कार्ब्युरेटर धुऊन झाला, प्लग बदलले, गाळणी नवी घातली. गुण न आल्यावर दोघांचेही निदान एकच निघाले: मूळ गाडीत नसलेला हा विजेचा पंप हाच रोग, तो काढून टाका. पुतण्या पुण्याला असतो. त्याने दूरध्वनीवर सांगितले, “काका, गाडी भंगारात द्या. आईला त्या पुलावर अडकवून ठेवू नका.” त्याचे म्हणणे अवाजवी नव्हते. त्यात नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली होती. खाजगी मोटारीला पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. मुदत नोव्हेंबरात संपत होती. गाडी ठेवायची की मोडीत घालायची, ह्याचा निर्णय दिवाळीपर्यंत करणे भाग होते.

वहिनी एवढेच म्हणाल्या, “भावजी, गाडी गेली तर जाऊ द्या. वस्तू आहे, कधीतरी जायचीच. पण ह्यांनी केलेले काम चुकीचे होते म्हणून ती गेली, असे तपासल्याशिवाय कुणी म्हणू नये.”

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. पदवी भाषेची असली, तरी तपासल्याशिवाय निकाल लावू नये, हा नियम शाळेतही तोच आहे. आम्ही दादांची वही काढली. पंप बसविल्यानंतर त्यांनी ह्याच रस्त्यावर दाबमापक लावून घेतलेले आकडे तीत होते: उणकल, नवनगर, सत्तूर, नवलूर, प्रत्येकापुढे एकेक नोंद. जागेवर उभ्या गाडीत दर चौरस सेंटिमीटरला ०.२५ किलो, नवलूरच्या चढावर ०.२२. ही वही हाती येताच प्रश्नाचे रूप पालटले. ‘हा पंप चालेल का’ असे विचारण्याचे कारण उरले नाही. तो ह्या चढावर चालत होता, ह्याला पुरावा होता. मग आता काय बदलले, एवढेच शोधायचे राहिले.

येथे पेट्रोलाच्या दाबाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कार्ब्युरेटरमध्ये एक लहानसा हौद असतो. हौदात तरंगणारा पोकळ फ्लोट वर आला, की तो एका सुईने पेट्रोलाची वाट बंद करतो. पातळी उतरली, की वाट उघडते. विहिरीवरच्या टाकीतील तरंगत्या गोळ्याच्या तोटीसारखीच ही योजना. ह्या सुईला झेपेल एवढाच दाब मागून यावा लागतो: साधारणपणे ०.२ ते ०.३ किलो. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या गाड्यांत तोच दाब ३ किलोंच्या आसपास, म्हणजे दहापटीहून अधिक असतो. म्हणून नव्या गाडीचा पंप उचलून जुन्या कार्ब्युरेटरला जोडणे हा निव्वळ अविचार होय. दाब अधिक झाला, तर सुई उचलली जाते, हौद उतू जातो, धूर काळा येतो, प्लग काजळतात, पेट्रोलाचा वास सुटतो, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडून आगीला निमंत्रण मिळते. दाब कमी पडला, तर हौद रिता होतो, गाडी खोकते आणि चढावर बसते. दाबमापकाचा काटा सारखा थरथरत असेल, तर ओढीच्या बाजूने कोठेतरी हवा शिरते आहे, असे समजावे. उभ्या गाडीत आकडा बरोबर आणि धावत्या गाडीत तो हळूहळू खाली येत असेल, तर वाटेत अडथळा आहे. आमच्या गाडीची तपासणी दोन्ही कारखान्यांनी केली, पण उभ्या गाडीत. आणि उभ्या गाडीत ती निरोगीच होती.

हुबळीत कारवार रस्त्याच्या बाजूला एक वृद्ध मिस्त्री आहेत. फियाट आणि अँबॅसडर ह्या दोनच गाड्यांवर त्यांनी आयुष्य काढले. दिवाळीला लागून आलेल्या रविवारी आम्ही गाडी त्यांच्याकडे नेली. पंप काढून टाकावा का, असे आम्ही विचारले. “गडबड ब्याडरी, सर,” म्हणजे घाई करू नका, एवढेच ते म्हणाले आणि आमच्याकडून सारी लक्षणे क्रमाने ऐकून घेतली. ऐकताना त्यांनी दोनच प्रश्न विचारले. पहिला प्रश्न: पावसाळ्यातही असेच होत होते का? होत होते. जुलैच्या झडीत, धारवाडच्या गारव्यातही गाडी त्याच जागी बसली होती. तर मग पेट्रोलाची वाफ होणे हे कारण बाजूला पडले. ते असते, तर पावसात त्रास थांबला असता. दुसरा प्रश्न: बंद पडल्यावर काचेच्या गाळणीत पेट्रोल दिसते का? दिसत नव्हते, पातळी तळाला गेलेली असे. ठिणगी मात्र येत होती. म्हणजे दोष विजेच्या ज्वलनव्यवस्थेत नव्हता. इंजिन उपाशी राहत होते.

मग परीक्षेस प्रारंभ झाला. नियामक आणि कार्ब्युरेटर ह्यांच्यामध्ये तीन तोंडांचा जोड देऊन दाबमापक बसविला. त्याची नळी लांब घेऊन मापक पुढच्या काचेच्या बाहेर, बॉनेटवर बांधला. आत बसून वाचता यावा, पण पेट्रोल आत येऊ नये, ह्यासाठी ही काळजी. पेट्रोल भरलेली नळी गाडीच्या आत आणणारा कारागीर कितीही नावाजलेला असो, त्याच्या गाडीत बसू नये. मिस्त्री चालवीत होते, आणि आम्ही हजेरीपटाच्या सवयीने आकडे लिहीत होतो. उणकल ०.२५. नवनगर ०.२४. सत्तूर ०.१९. नवलूरचा चढ अर्धा झाला आणि काटा ०.०८ वर आला. पाठोपाठ तो ओळखीचा खोकला. गाडी कडेला घेऊन थांबलो. पाच मिनिटांनी इंजिन सुरू केले, तेव्हा काटा पुन्हा ०.२५ वर. दादांच्या वहीतील पान आणि आमचे पान शेजारी ठेवले. सत्तूरपर्यंत फारसे अंतर नव्हते, नवलूरला ०.२२ आणि ०.०८.

ह्या चढाची उपयुक्तता आम्हांला तेव्हा पटली. शहरात गाडी थांबत-चालत जाते. पेट्रोल थोडे लागते, आणि अरुंद झालेल्या वाटेनेही ते पुरते. ह्या रस्त्यावर सलग वेगाने दहा मिनिटे चालल्यावर पुढे चढ येतो, आणि मागणी वाढलेली असताना ती तशीच टिकून राहते. वैद्याने रोग्याला जिना चढावयास लावून मग नाडी पाहावी, तसेच हे झाले.

परत आल्यावर एकेक शक्यता खोडून काढली. टाकीचे झाकण सैल करून पाहिले. हवेचे छिद्र बुजले असेल, तर आत पोकळी होऊन पेट्रोल अडते आणि झाकण उघडताना सुस्कारा ऐकू येतो. तसे काही नव्हते. पंपाला मिळणारी वीज मोजली. तारा जुन्या झाल्या, की इंजिनाजवळ साडेतेरा व्होल्ट असतात आणि मागे पोहोचेपर्यंत दहा-अकराच उरतात. पंप मग चालतो, पण अशक्तासारखा. येथे मात्र पंपापाशी तेरा व्होल्टांहून अधिक वीज मिळत होती. दादांनी टाकलेली जाड तार आणि घासून बसविलेला अर्थचा जोड वीस वर्षांनंतरही चोख होता.

नंतर प्रवाहाची चाचणी. दाब आणि प्रवाह ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बंद नळात दाब पुरेपूर असतो, पण त्यावरून बादली किती वेळात भरेल, ते कळत नाही. इंजिन थंड होऊ दिले, इग्निशनची जोडणी काढली, जवळ वाळूची बादली आणि अग्निशामक ठेवला, आणि कार्ब्युरेटरकडील नळी मापाच्या बाटलीत सोडली. दादांची सुरक्षेची कळ इंजिन बंद असताना पंप चालूच देईना. तेव्हा तिला तात्पुरती बगल देणारी तार लावावी लागली. पहिली दहा सेकंदे धार जोरकस पडली, मग बारीक होत गेली आणि शेवटी ठिबकू लागली. पंप मात्र त्याच आवाजात चालू होता.

आता निर्णायक चाचणी उरली. पंपाच्या मागची नळी सोडविली आणि तेथे नवी नळी लावून ती स्वच्छ पेट्रोलाच्या एका डब्यात सोडली. टाकी बाजूला राहिली; पंप, नियामक, गाळणी सारे तेच. अर्ध्या मिनिटाच्या आत अर्धा लिटर पेट्रोल बाटलीत आले, आणि धार शेवटपर्यंत तशीच. पंप निर्दोष होता. नियामक निर्दोष होता. दोष टाकी आणि पंप ह्यांच्या मध्ये होता. आणि मध्ये होती केवळ दीड वीत लांबीची रबरी नळी.

ही नळी दादांनी बसविलेली नव्हती. २०२३ साली प्रवासात जुनी नळी गळू लागल्याने महामार्गावरील एका दुकानात ती बदलून घेतली होती. बाहेरून काळी, तुकतुकीत, नवी दिसत होती. मिस्त्रींनी ती उभी चिरली. आतला थर फुगून मऊ झाला होता आणि एका बाजूने सुटून जिभेसारखा लोंबत होता. प्रवाह मंद असेल, तोवर ही जीभ कडेला पडून राही. मागणी वाढली, की ओढीने ती आत खेचली जाऊन वाट बंद करी. गाडी थांबली, ओढ संपली, की जीभ पुन्हा कडेला. चार मिनिटांच्या विश्रांतीचे गूढ ते एवढेच.

रबर असे का झाले, ह्याचे उत्तर आपल्या आसपासच्या शेतांत आहे. बेळगाव-बागलकोटकडील उसाच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल तयार होते, आणि ते पेट्रोलात मिसळले जाते. वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलाचा प्रारंभ फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूरला झाला, आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. शेतकऱ्याला आणि देशाच्या परकीय चलनाला त्याचा लाभ आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु १९८५ च्या गाडीतील रबर ह्या मिश्रणासाठी घडविलेले नव्हते, आणि बाजारातील स्वस्त नळ्याही त्यासाठी घडविलेल्या नसतात. इथेनॉल अशा रबराला फुगविते, टाकीतील जुना गंज आणि राळ सोडविते, आणि हवेतील ओल शोषून घेते. जुन्या गाडीच्या मालकाने एवढे ध्यानात ठेवले, तर पुरे.

इंधनासाठी खास घडविलेली, ‘एस. ए. ई. जे-३० आर-९’ असा शिक्का असलेली नळी मिस्त्रींनी मागवून घेतली. दर्जाचा हा शिक्का इथेनॉलयुक्त पेट्रोल सोसणाऱ्या नळीवर असतो. काही शे रुपयांचे काम. पुढच्या रबरी जोडांच्या नळ्याही बदलल्या, आणि टाकीच्या तळाचा गाळ काढला. कळीला दिलेली बगलेची तार आठवणीने काढून टाकली. पुन्हा मापक बांधून निघालो. नवलूरच्या चढावर काटा ०.२२ वर होता. वहीतील जुन्या आकड्याच्या बरोबर.

मूळ रचनेत बदल केलेली गाडी म्हणून जो-तो तिच्या बदलाकडे बोट दाखवीत होता, ह्याचे आम्हांला नवल वाटले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ह्या मुलखात राहणाऱ्या आम्हा मराठी घरांनाही हा अनुभव नवा नाही. आमच्या बोलण्यात कन्नडचा हेल आहे, जेवणात जोंधळ्याच्या भाकरीबरोबर कोसंबरी आहे. पुण्याकडचा पाहुणा काही खटकले, की प्रथम ह्या कलमाकडे बोट दाखवितो. कलम नीट बांधलेले असेल, तर ते मूळ झाडाइतकेच टिकते, आणि कधी कधी त्या मातीत मुळापेक्षा अधिक. अर्थात बदल म्हणजे सर्व काही क्षम्य, असे मात्र नव्हे. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत फेरबदल वाहनात करता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. म्हणून आज कोणी असे काम हाती घेणार असेल, तर परिवहन कार्यालयात विचारूनच घ्यावे.

ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी आहे, त्यांनी चार गोष्टी पाळाव्यात, असे आम्ही सुचवितो. रबरी नळ्या दिसावयास चांगल्या असल्या, तरी दर दोन वर्षांनी बदलाव्यात, आणि शिक्का पाहूनच घ्याव्यात. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. ठेवावी लागल्यास टाकीत जुने पेट्रोल साचवू नये. गाडीत अग्निशामक असावा. आणि गाडी निरोगी असताना एकदा दाब मोजून तारखेसह लिहून ठेवावा. आजारपणात जो आकडा हवा असतो, तो निरोगी असतानाच मिळवून ठेवावा लागतो.

नोंदणीचे शुल्क भरले. पुतण्याला दोन्ही पानांची छायाचित्रे आणि चिरलेल्या नळीचे एक छायाचित्र पाठविले. त्याने उत्तरादाखल एवढेच कळविले, की संक्रांतीला येईन तेव्हा सोमेश्वराला गाडी मी चालवीन. वहिनींना आम्ही निकाल सांगितला, तेव्हा त्यांनी चिरलेली नळी हातात घेऊन पाहिली, आणि ती कचऱ्यात टाकण्यास सांगितले. वही मात्र त्यांनी मागून घेतली.

दिवाळीनंतरच्या सोमवारी आम्ही त्यांना घेऊन वर गेलो. सोमेश्वराच्या देवळापाशी शाल्मला अगदी लहान असते. पुढे बेडतीला मिळून ती घाट उतरते आणि पश्चिमेच्या समुद्राला जाते. ह्याच जिल्ह्यातील बेण्णीहळ्ळाचे पाणी मात्र मलप्रभेतून कृष्णेत आणि पूर्वेच्या समुद्रात जाते. दोन समुद्रांच्या मधल्या ह्या कण्यावर आपला रस्ता चढतो. वाचकांपैकी कोणी इकडे आल्यास बाह्यवळणाच्या रस्त्याने घाईघाईने निघून न जाता ह्या जुन्या रस्त्याने यावे. उणकलला देऊळ पाहावे, नवलूरला पेरू घ्यावेत. आणि गाडी जुनी असेल, तर त्या चढावर तिच्या आवाजाकडे लक्ष द्यावे.